ते मिग नव्हे

आमच्या गावच्या नगरपालिकेच्या बागेत, घसरगुंडी आणि बंद पडलेले कारंजे यांच्या मधोमध, एक लढाऊ विमान उभे आहे, आणि त्याच्या पुढ्यातील संगमरवरी पाटीवर कित्येक वर्षे ‘मिग-२१’ अशी अक्षरे कोरलेली होती. हे विमान मिग-२१ नाही, एवढेच एक वाक्य संबंधितांच्या गळी उतरवण्यात माझ्या निवृत्तीचे पहिले दीड वर्ष खर्ची पडले.

जुन्या लष्करी विमानांचा नाद वाईट असतो. नाण्यांचा नाद असलेला माणूस नाणे घरी आणून कपाटात ठेवू शकतो. विमानांचा नाद असलेल्याला कुंपणाबाहेर टाचा उंचावून उभे राहावे लागते. “अहो, त्यापेक्षा नाणी जमवली असतीत तर निदान अडीनडीला मोडता तरी आली असती,” असे आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे आहे, आणि ते मी आजवर खोडून काढू शकलेलो नाही.

वास्तविक मिग-२१ ओळखण्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. त्याचे नाक म्हणजे उघडे तोंड असते, त्यातून हवा आत जाते आणि त्या तोंडात मधोमध एक शंकू बसवलेला असतो. पंख त्रिकोणी असतात आणि लांबी १४ मीटरच्या वर जाते. बागेतील विमानाचे नाक बंद आणि निमुळते आहे, हवा आत घेणारी तोंडे वैमानिकाच्या दोन्ही कुशींना आहेत, आणि मी कुंपणाबाहेरून पावले टाकून मोजले तेव्हा त्याची लांबी नऊ मीटरही भरली नाही. (मोजत असताना पहारेकरी मामा तीन वेळा येऊन “काका, काही हरवले का?” असे विचारून गेले.) तेव्हा मी निदान केले : नॅट. पेटर नावाच्या ब्रिटिश अभियंत्याने, लढाऊ विमाने उगाच जड आणि महाग होत चालली आहेत या वैतागातून रचलेले, १९५५ साली प्रथम उडालेले, पुढे बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये तयार होऊ लागलेले आणि १९६५ च्या युद्धात ‘सेबर स्लेयर’ म्हणजे पाकिस्तानच्या सेबर विमानांचा कर्दनकाळ म्हणून नावारूपाला आलेले चिमुकले विमान. त्या युद्धात ३ सप्टेंबर रोजी आपले एक नॅट पाकिस्तानातील पसरूरच्या धावपट्टीवर उतरले आणि त्यांच्या हाती लागले. ते आज कराचीच्या हवाई दल संग्रहालयात आहे. म्हणजे शत्रूने आपले विमान नॅट म्हणून जपावे आणि आपण आपलेच विमान मिग म्हणून खपवावे, हा विचार मला रात्री झोपू देईना.

मी अकरा छायाचित्रांसह अर्ज केला. कार्यालयातील गृहस्थांनी तो शांतपणे वाचला आणि विचारले, “दप्तरी मिग आहे. ते मिग नसेल, तर मग आमचे मिग गेले कुठे?” या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. एका अर्जाने मी नगरपालिकेचे एक लढाऊ विमान गहाळ केले होते.

त्यातच २६ जानेवारी जवळ आली आणि विमानाला रंग देण्याचे ठरले. माझा अर्ज रंगासंबंधी असावा अशा समजुतीने तो त्या कामाच्या फायलीत लावला गेला होता. मी धावत बागेत पोहोचलो तोवर रंगारी तारेच्या ब्रशने अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा खरवडत होता. त्या खरवडण्यात शेपटीजवळ जुन्या क्रमांकाचे ‘ई’ हे अक्षर क्षणभर दिसले आणि माझे डोळे भरून आले, कारण आपल्या हवाई दलात नॅटच्या क्रमांकाचा आरंभ त्याच अक्षराने होतो; पुढचे आकडे दिसण्यापूर्वी त्यावर चंदेरी ऑइलपेंटचा हात फिरला. वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक आवरणही त्याने रंगवून टाकले, “आत धूळ दिसते” म्हणून. गोलचिन्हात केशरी बाहेर, पांढरा मध्ये आणि हिरवा आत असतो, त्याने हिरवा बाहेर आणि केशरी आत काढला, आणि मी हरकत घेताच म्हणाला, “तिन्ही रंग आहेत ना काका? मोजून घ्या.”

पण त्याने खरा पराक्रम पोटाखाली केला. विमानाच्या तळाशी पाणी निचरून जाण्यासाठी बारीक भोके ठेवलेली असतात, कारण आत पाणी साचले आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात पोलादी स्क्रू असले, की दोन धातूंच्या संगतीत पत्रा आतून झिजत जातो आणि त्याची भुकटी होते. आमच्या रंगाऱ्याने ती सगळी भोके पुट्टी भरून, वर पॉलिशपेपर मारून, इतकी सफाईने बुजवली की तसे काम त्याने आमच्या गळक्या गच्चीवर केले असते तर मी त्याचा जाहीर सत्कार केला असता. पावसाळ्यात विमान भरले. जुलैअखेर कुठल्याशा सांध्यातून धार लागली आणि बागेतील चालू स्थितीतले एकमेव कारंजे म्हणून मुले तेथे जमू लागली.

लंडनच्या संग्रहालयात आपल्या हवाई दलाने दिलेले लिबरेटर हे जुने बॉम्बफेकी विमान छपराखाली उभे आहे. भंगारात निघालेले एक डाकोटा मालवाहू विमान ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन २०१८ साली स्वतःच्या पंखांनी दिल्लीजवळच्या हिंडन हवाई तळावर येऊन उतरले आणि त्याला ‘परशुराम’ हे नाव मिळाले. नशीब एकेकाचे.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ विमानांना समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. गावातही भावनेची लाट उसळली आणि ‘आपल्या मिगला निरोप’ असा कार्यक्रम बागेत ठरला. विमानाला हार घातला गेला. मला ‘ज्येष्ठ विमानतज्ज्ञ’ म्हणून व्यासपीठावर बसवले, शाल आणि श्रीफळ दिले, आणि मिगविषयी दोन शब्द बोलायला सांगितले. मी मिगविषयी दोन शब्द बोललो. खोटे काहीच बोललो नाही. फक्त पाठीमागच्या विमानाकडे बोट दाखवण्याचे कटाक्षाने टाळले.

त्या शालीचा एवढा उपयोग झाला की अर्ज हलला, आणि यंदा नवी पाटी आली : ‘नॅट’. मी पेढे घेऊन गेलो. मामांनी पेढा घेतला आणि प्रथमच मला मेंदीच्या कुंपणाच्या आत, पंखाखाली, त्यांच्या सावलीच्या जागी बसायला बोलावले. पंखाखालच्या एका खुंटाला सुतळीने त्यांचा डबा बांधलेला होता, दुसऱ्याला छत्री, पलीकडच्या पंखाखाली एकाला गणवेशाचा सदरा. “चार खुंट आहेत काका, एक मोकळाच आहे. तुमची पिशवी अडकवा,” मामा म्हणाले.

पेढा माझ्या घशात अडकला. नॅटच्या पंखांखाली हत्यारे आणि टाक्या टांगायला दोन खुंट असतात. चार असतात ते अजितला. अजित म्हणजे नॅटचीच आपल्याकडे केलेली सुधारित आवृत्ती; तिच्या पंखांच्या आतच इंधन भरत असल्यामुळे बाहेर आणखी दोन खुंटांची सोय झाली, आणि बाहेरून दिसणारा मुख्य फरक तेवढाच. क्रमांकाचे अक्षर अर्थात तेच, ‘ई’. दीड वर्ष ज्या कुंपणाबाहेर मी टाचा उंचावल्या, त्याच कुंपणाने ते खुंट झाकले होते.

घरी आल्यावर रात्रभर विचार केला आणि पहाटे थोडा धीर आला. एकूण ७९ अजित नवी बांधली गेली असली, तरी १० नॅट विमानांचे रूपांतरही अजितमध्ये करण्यात आले होते. आमचे विमान त्या दहांपैकी असेल, तर ते जन्माने नॅटच ठरते आणि नव्या पाटीला बाध येत नाही. खात्री करण्यासाठी विमानाच्या अंगावर निर्मात्याची धातूची पट्टी कुठे शिल्लक आहे का, हे शोधायला हवे, आणि रंगाचा ब्रश जेथे पोहोचला नाही अशी एकच जागा आता उरली आहे, ती म्हणजे चाकाचा कप्पा. सकाळी विजेरी घेऊन गेलो.

“त्याच्यात हात घालू नका काका,” मामा म्हणाले, “मोहोळ आहे.”