मामाचं गोदाम दाखवा, मग बोलू

तो व्हॉइस मेसेज अमळनेरच्या मावशीपर्यंत पोचला आणि घरात दोघंच माणसं असताना तिने मिठाच्या दहा पुड्या आणल्या. ते हसून सोडलं असतं. पण तिने सख्ख्या भावाला, पारोळ्याच्या माझ्या मामाला, फोन करून विचारलं, "तूही माल दडवतोस का रे?" मामाचं किराणा दुकान आहे. आता उत्तर देणं भाग आहे.

मेसेज थोडक्यात असा: ट्रक बंद होणार, मीठ-तेल संपणार, छोटे दुकानदार सहा महिन्यांचा माल दाबून बसलेत, वाहतूक थांबली की त्यांची चांदी, भाव रातोरात वाढवतात, म्हणून मॉलमधूनच घ्या.

मिठाचं आधी उरकतो. नोव्हेंबर 2016 मध्येही हीच आवई उठली होती. देशातलं जवळपास तीन चतुर्थांश मीठ गुजरातेत पिकतं आणि नवापूर ओलांडलं की गुजरातच. खान्देशात मीठ संपायला आधी समुद्र आटावा लागेल.

आता ते सहा महिन्यांचं गोदाम. जून 2023 मध्ये केंद्र सरकारने तूर आणि उडदावर साठामर्यादा घातली. किरकोळ दुकानदाराला प्रत्येक डाळीची 5 टन. म्हणजे पन्नास किलोचे शंभर कट्टे. किलोला 150 रुपये धरले तर साडेसात लाख, तेही एकट्या तूरडाळीचे! मामाला तेव्हा तो नियम मोडायचा म्हटला असता तरी ऐपत नव्हती. दुकानामागच्या खोलीत पाच-सात कट्टे, तेलाचे डबे आणि रिकामं बारदान, एवढंच त्याचं गोदाम. "इतला पैसा कोठे शे भो?" असं तो मलाच विचारतो.

आणि चांदी कुणाची? जानेवारी 2024 मध्ये ट्रकचालकांचा संप झाला, पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा दुकानात माल पोचवणारी एजन्सीची गाडी आलीच नाही. अशा वेळी पहिली आटते ती उधारी. एरवी आठ-पंधरा दिवस थांबणारा होलसेलवाला म्हणतो, रोख असेल तर माल. मग शेजारच्या दुकानातून हातउसना डबा आणायचा, गिऱ्हाइकाला दोनच पुडे द्यायचे, तिघांनी मिळून जळगावच्या दाणाबाजारात एक गाडी करायची आणि भाडं वाटून घ्यायचं. त्यात मावशीसारखी दहा माणसं आली की अकराव्याला पुडा मिळत नाही. 'दडवला' म्हणायला तो मोकळा.

रातोरात भाव वाढतात, हे अर्धं खरं आहे. सुट्या डाळीचा भाव जळगावात चढला की मामा जुन्या कट्ट्यालाही नवा भाव लावतो, कारण पुढचा कट्टा त्याला नव्या भावानेच घ्यायचा असतो. उतरताना मात्र तेवढी घाई नसते, हेही खरं. पण पाकिटावर छापील किमतीच्या वर घेणं बेकायदा आहे. आणि एप्रिल 2022 मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली, तेव्हा तेलाचा भाव पारोळ्यात ठरत नव्हता.

राहिला मॉल. 2023 च्या त्याच आदेशात मोठ्या साखळी दुकानांना प्रत्येक शाखेत 5 टन आणि वर डेपोत 200 टन ठेवायची मुभा होती. साठा करायची ताकद कुणाकडे आहे ते यातच दिसतं. शिवाय मावशीच्या गल्लीतल्या निम्म्या घरांचं किराण्याचं खातं कापूस विकला की फिटतं. तोवर लिहून ठेवणारी वही कोणत्या मॉलच्या काउंटरवर असते, ते मेसेजवाल्याने सांगावं.