हळद-मिठाने पारा सुटत नाही

‘नदीतल्या विषाला घाबरू नका’ हा फॉरवर्ड सांगलीतल्या निम्म्या ग्रुपांवर फिरून आता पोटुशी भाचीच्या फोनवर आला, म्हणून त्यातल्या एकेका दाव्याला हे उत्तर.

‘मासा हळद, मीठ, लिंबू लावून अर्धा तास ठेवला की विष निघतं.’ निघतो तो वास आणि चिकटा. मिथाइल पारा, म्हणजे माशांत साठणारं पाऱ्याचं विषारी रूप, मांसातल्या प्रथिनांना, त्यांतल्या गंधकाला धरून बसतो. तो लिंबाने सुटत नाही, आचेनेही नाही. उलट तळताना तुकड्यातलं पाणी उडतं आणि पारा तेवढाच राहतो. खरं एवढंच, की डीडीटी या कीटकनाशकासारखी चरबीत मुरणारी विषं कातडी आणि पोटाकडची चरबी काढली की कमी होतात. पण आपण करतो कालवण! चरबी रश्श्यात उतरते आणि रस्सा भाकरीबरोबर पोटात.

‘मोठा मासा ताकदीचा, गरोदर बाईला तोच द्या.’ कपाळाला हात! मरळ, वाम, शिंगाळा लहान मासे खाऊन वाढतात, सुरमईही त्यातलीच. ढोबळमानाने दहा किलो मासळी खाऊन एक किलो मरळ तयार होतो. बाकीचं हालचालीत, श्वासात खर्ची पडतं, विष मात्र बरंचसं अंगात साठतं. तोच पारा वारेतून बाळाच्या मेंदूपर्यंत जातो. जपानमधल्या मिनामाताचा रोग, माशांतल्या पाऱ्याने झालेला, १९५६ साली उघडकीला आला. तिथे आईला जेमतेम लक्षणं आणि मूल जन्मतःच पंगू, असं घडलं. मासे सोडायला कोणी सांगत नाही. प्लवक, शेवाळावर जगणारे रोहू-कटला घ्या, तेही लहान.

‘पाण्याच्या रिपोर्टात काही नाही.’ एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्राच्या जुन्या पुस्तकात वर्षानुवर्षं छापलेली डीडीटीची साखळी बघा: पाण्यात ०.००३ पीपीबी (अब्ज भागांत इतके भाग), प्राणिप्लवकांत ०.०४ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), लहान माशांत ०.५, मोठ्यांत २, मासे खाणाऱ्या पक्ष्यात २५. पाण्यापासून पक्ष्यापर्यंत सुमारे ८३ लाख पट. तपासायचा तर मासा तपासा.

‘मासे मरत नाहीत, म्हणजे नदी चांगली.’ मळी सोडली की कृष्णेत मासे मरतात ते प्राणवायू संपल्याने. पारा साठलेला मासा मात्र टुणटुणीत पोहतो.

राहिलं लिंबूपाण्याचं ‘डिटॉक्स’. नवा पारा पोटात गेला नाही तर अंगातला निम्मा जायला साधारण ५० दिवस लागतात, डीडीटीला काही वर्षं. म्हणजे नुसत्या पाऱ्यासाठीही दिवस राहण्याआधीच्या दोन-तीन महिन्यांतलं ताटही हिशोबात येतं.