नाकाच्या पडद्याचे छिद्र तुपाने बुजत नाही

“नाकाच्या मधल्या पडद्याला छिद्र असेल तर रोज रात्री कोमट तुपात तुरटीची पूड घालून थेंब सोडा, खपल्या काढत राहा, 21 दिवसांत छिद्र बुजेल, डॉक्टर छिद्रात बसवतात ते सिलिकॉनचे बटण म्हणजे निव्वळ लूट,” असा मजकूर सध्या परभणी, हिंगोलीपासून लातूरपर्यंत मोबाइलवर फिरतो आहे. शस्त्रक्रियेविना होणारे उपचार खरोखर आहेत आणि उपयोगाचे आहेत, म्हणूनच त्यांच्या नावाखाली भलते काही सांगितले जाते तेव्हा गप्प बसवत नाही.

पहिला दावा छिद्र बुजण्याचा. पडद्याच्या पुढच्या भागातील कूर्चेला, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक अशा भागाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण दोन्ही बाजूंच्या ओलसर अस्तरातून होते, आणि समोरासमोरच्या जागी ही दोन्ही अस्तरे फाटली किंवा जळाली की मधली कूर्चा मरते. पुढे डावीकडचे आणि उजवीकडचे अस्तर छिद्राच्या कडेवर एकमेकांना जुळून येते, म्हणजे जखम भरलेली असते, छिद्र मात्र तसेच राहते. नुकतीच पडलेली बारीक चीर कधी मिटतेही, पण कडा पक्क्या झालेले जुने छिद्र कोणत्याही थेंबांनी मिटत नाही.

तुरटीने अस्तर आकसते आणि अधिकच कोरडे पडते. तेला-तुपासारखा पातळ स्निग्ध पदार्थ रोज झोपताना नाकात सोडला तर तो नकळत फुप्फुसात उतरून तेथे दाह निर्माण करू शकतो, आणि हा धोका वृद्धांना व लहान मुलांना अधिक असतो.

सर्वांत घातक सल्ला खपल्या काढण्याचा आहे. आपल्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या, धुळीच्या हवेत खपल्या लवकर धरतात, नाक चोंदते आणि बोट आपसूक नाकाकडे जाते. परंतु ओढून काढलेल्या प्रत्येक खपलीबरोबर छिद्राची कड पुन्हा सोलली जाते, रक्त येते आणि छिद्र वाढत जाते. खपली भिजवून सैल करावी लागते. त्यासाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सुमारे 9 ग्रॅम मीठ घालून दिवसातून काही वेळा नाक धुवावे आणि नंतर डॉक्टरांनी दिलेले मलम कडेला हलकेच लावावे. बोअरचे किंवा टँकरचे पाणी न उकळता नाकात घेऊ नये. कंटाळवाणे वाटले तरी बहुतेकांचा त्रास एवढ्याने बराच कमी होतो.

बटणाबद्दलचा आरोपही टिकत नाही. सिलिकॉनच्या दोन चकत्या मधल्या दांड्याने जोडलेल्या असतात. नाक बधिर करून ते बटण छिद्रात बसवतात, त्यामुळे शिट्टीसारखा आवाज, रक्तस्राव आणि खपल्या कमी होतात. ते छिद्र बरे करत नाही, त्याची स्वच्छता ठेवावी लागते, काहींना ते सोसत नाही. पण नको असल्यास ते काढता येते, ही त्याची मोठी सोय आहे.

छिद्र पडले कशामुळे, हा प्रश्न मात्र त्या मजकुरात कोठेच नाही. नाक कोरण्याची सवय, पूर्वीची पडद्याची शस्त्रक्रिया, चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या फवाऱ्यांचा अतिवापर, क्रोम प्लेटिंगच्या कामातील वाफा, क्षयरोग, कुष्ठरोग, रक्तवाहिन्यांचा दाह, क्वचित कर्करोग, यांपैकी काहीही मुळाशी असू शकते. कुष्ठरोगाचे औषध सरकारी रुग्णालयात विनामूल्य मिळते, आणि अशा रुग्णाचे 21 दिवस तुपात गेले तर तेवढे दिवस रोग शरीरात पसरत राहतो. लहान मुलाने नाकात घड्याळात असते तशी चपटी गोल बटण बॅटरी घातली असेल तर काही तासांतच पडदा जळू शकतो. तेथे सकाळची वाट न पाहता छत्रपती संभाजीनगरचे घाटी किंवा अंबाजोगाईसारखे जे मोठे सरकारी रुग्णालय जवळ असेल ते गाठावे.