कुणी सांगितलं होतं घासायला?

ब्रेक. फक्त ब्रेक सांगितले होते. मागच्या दोन्ही चाकांचे व्हील सिलिंडर बदला, गळणारी नळी बदला, लाइनमधली हवा काढा आणि गाडी परत द्या. कागदावर लिहून दिलं होतं, खाली सही केली होती. आज संध्याकाळी माझी जुनी पिकअप आणायला गेले तर गॅरेजवाला दारातच हसत उभा. म्हणाला, "तुमच्यासाठी एक सरप्राइज आहे." माझ्या पोटात तिथेच गोळा आला. जुनी गाडी सांभाळणाऱ्या माणसाला सरप्राइज नको असतं हो! चार पैसे जास्त लावा, आठवडा उशीर करा, पण सरप्राइज देऊ नका.

मागे जाऊन हौद्यात, म्हणजे माल ठेवायच्या उघड्या भागात, डोकावले आणि तळपायाची आग मस्तकात गेली. तळाच्या लाकडी फळ्यांपैकी डावीकडच्या तीन पिवळ्याजर्द. मशीनने घासलेल्या, वर पॉलियुरेथेनचे, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या चकचकीत वॉर्निशचे, जाड हात मारलेले. गॅरेजची ट्यूबलाइट त्यात आरशासारखी दिसत होती. आणि त्यांना लागून बाकीच्या फळ्या तशाच, करड्या, शांत, जशा मी दहा दिवसांपूर्वी सोडून गेले होते तशा. हा माणूस मला म्हणतो, "या तीन करून बघितल्या. रविवारी उरलेल्याही करून देतो. पैसे नकोत."

पैसे नकोत! फुकट केलंस म्हणून मी आभार मानायचे? कुणी सांगितलं होतं तुला घासायला? मी विचारलं, तर म्हणतो, "फार कळकट दिसत होतं. मला वाटलं, तुम्हाला वेळ मिळाला नसेल."

कळकट. चौदा वर्षं मी तो हौदा जिवापाड जपला आणि याला तो कळकट दिसला.

१९५० ची शेवरले ३१०० आहे ती. इथे विस्कॉन्सिनमध्ये आमच्या शेजारच्या डेअरीवाल्याच्या वडिलांनी कोरी घेतलेली. गाडीचं इंजिन उतरवून झालंय, काचा बदलल्यात, सीट दोनदा शिवलंय. पण हौद्याचा तळ पहिला आहे. पिवळ्या पाइनच्या लांब फळ्या, दोन फळ्यांच्या मध्ये लोखंडी पट्टी, पट्टीतून खाली उतरलेले चौकोनी मानेचे बोल्ट. जेमतेम पाऊण इंचाचं लाकूड. त्यावरून त्या घरातल्या दोन पिढ्यांनी दूध नेलंय, गवताचे गठ्ठे नेलेत, वासरं नेलीत. बल्क टँक, म्हणजे डेअरीत दूध साठवायच्या मोठ्या टाक्या, येण्याआधी दूध दहा गॅलनच्या कॅनमधून जायचं. भरला की पन्नास किलोच्या आसपास भरायचा एकेक कॅन. तो हौद्यात आदळायचा, ओढत पुढे सरकवायचा. त्या कॅनच्या बुडाच्या लोखंडी कडीचं एक गोल वर्तुळ फळ्यांवर उमटलेलं होतं, गंज लाकडात उतरून काळपट झालेलं. डेअरीवाल्या म्हातारबाबांनी गाडी देताना मला त्या वर्तुळावर बोट ठेवून दाखवलं होतं. "हा आमच्या आईचा कॅन," म्हणाले. "ती कायम इथेच ठेवायची, उतरवायला सोपा म्हणून."

आता समजलं का माझं डोकं का फिरलंय?

आणि तो करडा रंग म्हणजे घाण नाही! किती वेळा सांगायचं लोकांना! लाकडात लिग्निन असतं, तंतूंना धरून ठेवणारं. ऊन ते तोडतं, पाऊस धुऊन नेतो, आणि वर उरतात ते नुसते तंतू, करडे, चंदेरी. ती लाकडाची स्वतःची कातडी आहे. आमच्या मॅडिसनला १९१० पासून सरकारी फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी आहे, तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं हे मोजलंय. पाइनसारखं मऊ लाकूड उघड्यावर शंभर वर्षांत साधारण ६ मिलिमीटर झिजतं. शंभर वर्षांत! आणि ते सगळीकडे सारखं झिजत नाही. प्रत्येक वर्षाच्या वलयातला मऊ भाग आधी जातो, कडक भाग वर राहतो. त्या फळीवरून आडवा हात फिरवला की बोटांना ते कळायचं. आमच्या सांगलीकडे उसाला सरी-वरंबे पाडतात ना, अगदी तसं, फक्त दोऱ्याएवढं बारीक. मी डोळे मिटून सांगू शकायचे कोणती फळी आहे ते. आज त्या तीन फळ्यांवरून हात फिरवला तर जेवणाच्या टेबलावर फिरवल्यासारखा सरकला. सत्तर वर्षांचे वरंबे याने एका दुपारी ६० नंबरच्या खरखरीत सँडपेपरने जमीनदोस्त केले आणि उरलेल्या सऱ्या प्लॅस्टिकने बुजवल्या.

बरं, शोभेचं सोडा. लाकडाला तरी याचा काही उपयोग? काडीचा नाही! पारदर्शक पॉलियुरेथेन घराबाहेर टिकत नाही. ऊन त्याच्या आरपार जातं आणि खालचं लिग्निन तोडतच राहतं. मग त्या थराला धरायला खाली काही उरत नाही. लाकूड फुगतं, आकसतं, वरचा पापुद्रा तडकतो, तडकलेल्या जागेतून पाणी आत शिरतं आणि वर झाकण असल्यामुळे आतच बसून राहतं. फळी मरते ती अशी. शिवाय याने वरून बंद केली आणि खालून उघडी ठेवली, म्हणजे आता दोन्ही अंगांनी ओल वेगवेगळी घेणार आणि फळी वाटीसारखी वळणार. इतकी वर्षं सरळ राहिलेली फळी!

मी काय हातावर हात धरून बसले होते का? पहिल्याच उन्हाळ्यात एकेक बोल्ट तीन-तीन दिवस तेलात भिजवून सोडवला. एकही कापला नाही. एकेक फळी बाहेर काढली, मऊ ब्रशने झाडली. प्रेशर वॉशर लावला नाही, तो तंतू उचकटतो. खालच्या बाजूला बोरेटचं पाणी दिलं, बुरशी धरू नये म्हणून. पूर्ण वाळल्यावर खालून आणि दोन्ही टोकांना बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, अर्धं आणि अर्धं टर्पेंटाइन. टोकं महत्त्वाची, फळी पाणी पिते ती टोकातून. वरच्या बाजूला तेलाचा एक थेंब लावला नाही, कारण तेलाने करडा रंग काळवंडतो. पुसलेल्या चिंध्या बाहेर तारेवर पसरून वाळवल्या, कारण त्या तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर आपोआप पेट घेतात. दर शरदात लोखंडी पट्ट्यांच्या कडेला अडकलेला पाला जुन्या टूथब्रशने काढते. पाल्याखाली ओल धरते आणि तिथूनच कुजायला सुरुवात होते. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली ठेवली तर त्याला बुरशी खात नाही. एवढं सोपं आहे ते! छप्पर, वारा आणि झाडू. आणि हात आवरणं.

पण हात आवरतच नाहीत लोकांचे. उन्हाळ्यात गावातल्या गाड्यांच्या मेळाव्याला जावं तर प्रत्येक जण येऊन तेच सांगतो, हौद्यासाठी ओकच्या नव्या फळ्यांचं किट मिळतं, स्टेनलेसच्या पट्ट्या मिळतात, एका शनिवारात होतं. मिळतात, मला माहीत आहे! माझ्या गाडीत ओक कधीच नव्हता! एक जण ऑक्झॅलिक ॲसिडची पुडी घेऊन आला होता, गंजाचा डाग काढायला. डाग काढायला! त्या बाईच्या कॅनची एकमेव खूण आहे ती. आणि हेच लोक शहरातल्या हॉटेलात जातात तेव्हा भिंतीवर लावलेल्या जुन्या गोठ्याच्या करड्या फळ्यांकडे बघून वा वा करतात. गोठा पाडून भिंतीला लावला की ते लाकूड छान, आणि जिथे आहे तिथे, ज्या कामासाठी आहे त्या कामात दिसलं की कळकट.

भाच्याला मघाशी फोन केला, कुणाशी तरी बोलावं म्हणून. तो पुण्याहून म्हणतो, "मावशी, नवीनच टाकून घे ना, किती त्रास करून घेतेस." त्याच्यावरही ओरडले. त्याचा दोष नाही, पण हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलेय. माहेरच्या वाड्याचा सागवानी दरवाजा. बिजागरीला लोखंडी कड्या, फळीवर हाताएवढी कमळं कोरलेली, आजीच्या तेलकट हाताने अडण्याजवळ काळीभोर झालेली गुळगुळीत जागा. चुलतभावाच्या लग्नात मांडव पडला तेव्हा कुणाला तरी वाटलं, दरवाजा उठून दिसत नाही. चॉकलेटी ऑइलपेंटचे दोन हात! पाकळ्यांच्या खाचा भरून गेल्या. मी बाळंतपणाला गेले तेव्हा बघितलं आणि रडले, तर काकू म्हणाली, "अगं, किती छान चकाकतोय." आपल्याकडे देवळांचं काय झालंय ते तुम्हाला मी सांगायला नको. काळ्या पाषाणाची कोरीव देवळं, आणि त्यांना भगवा, गुलाबी, आकाशी ऑइलपेंट. दगडाला श्वास घेता येत नाही आणि नक्षी दिसत नाही. देणगी दिली म्हणून पाटी मात्र लागते. आणि आप्पांची बैलगाडी! बाभळीची. तिच्या चाकांवर लोखंडी धाव चढवताना मी लहानपणी शेणकुटांच्या जाळाजवळ उभी राहिलेय. कोणा शहाण्याने तिचे आरे जळणाला दिले, कारण ती जुनी झाली होती म्हणे. मला पत्राने कळवलं, महिन्याभराने.

प्रत्येक वेळी तेच. कुणालातरी वाटतं. विचारत मात्र कुणीच नाही. एक फोन! "हौदा साफ करू का?" एवढंच विचारायचं होतं. मी नाही म्हटलं असतं आणि विषय संपला असता. दहा दिवस गाडी त्याच्याकडे होती, नंबर त्याच्याकडे होता, ब्रेकच्या पार्टसाठी दोनदा फोन केलाच होता की त्याने मला!

मी तिथे खूप बोलले. आवाज चढला, शेजारच्या लिफ्टवरचा पोरगा काम थांबवून बघायला लागला. गॅरेजवाला गोंधळला, मग त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "रसायनाने वरचा थर काढून देतो." मी म्हटलं, हात लावायचा नाही. माझ्या गाडीला पुन्हा हात लावायचा नाही. ब्रेकचे पैसे दिले, किल्ली घेतली आणि निघाले. ब्रेक उत्तम लागतात, हेही खरं आहे, आणि त्याचाही मला संताप येतोय, कारण माणसाला काम येतं. हातात कसब असलेल्या माणसाने असं करावं याचंच जास्त लागतं.

आता रात्रीचे अकरा वाजलेत, मी गोठ्यात गाडीपाशी बसून हे लिहितेय. त्या फळ्या उलट्या करून बसवता येतील का तेही बघितलं. नाही येत, पट्टी बसायला कडेची खाच एकाच अंगाला असते. थर हाताने खरवडून काढावा लागेल, पात्याने, बोटभर बोटभर. मग फळ्या बाहेर उन्हापावसात ठेवेन. करडा रंग दोन-तीन उन्हाळ्यांत परत येईल. वरंबे येणार नाहीत, निदान माझ्या हयातीत तरी.

आणि ते वर्तुळ तिसऱ्या आणि चौथ्या फळीवर मिळून होतं. चौथ्या फळीवरचं अर्धं अजून आहे. आत्ता टॉर्च लावून बघितलं, पट्टीपाशी येऊन ते एकदम कापल्यासारखं थांबतं.