‘तुमच्याकडे’ म्हणू नकोस, दादा

रविवारच्या फोनवर दादा पुन्हा त्याच विषयावर आला. आयसीआयसीआय सिक्युरिटीज ही दलाली कंपनी शेअर बाजारातून काढून आयसीआयसीआय बँकेच्या पूर्ण मालकीची केली. ऑगस्ट 2024 मध्ये एनसीएलटीने, म्हणजे कंपन्यांच्या खटल्यांच्या न्यायाधिकरणाने, मंजुरी दिली, मार्च 2025 मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. तिकडे ठाण्यात दादाचा राग अजून ताजा आहे. शंभर शेअरांच्या बदल्यात बँकेचे 67. गुंतवणूकदार संस्था सोडल्या तर बाकीच्या भागधारकांची जेमतेम 32 टक्के मतं बाजूने होती, तरी संस्थांच्या जोरावर ठराव पास. ‘आपल्याकडे कोर्ट नुसता शिक्का मारतं. तुमच्याकडे असलं चालत नाही.’

चालतं, दादा. मी इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला राहते. इथल्याच रॉसन मार्केटात 1899 साली अंडी-लोणी विकणाऱ्या माणसापासून मॉरिसन्स ही सुपरमार्केटची साखळी सुरू झाली. 2021 मध्ये ती विकत घ्यायला दोन प्रायव्हेट इक्विटी कंपन्यांत, म्हणजे बरंचसं कर्ज काढून कंपन्या विकत घेणाऱ्यांत, लिलाव झाला. फोर्ट्रेसच्या गटाची बोली शेअरमागे 286 पेन्स, सीडी अँड आरची 287. एका पेन्सच्या फरकाने सुमारे 7 अब्ज पौंडांचं घर दुसऱ्याचं झालं! 99 टक्क्यांहून जास्त मतं बाजूने पडली आणि कोर्टाने मान्यता दिली. कोर्ट पाहतं काय? सभा रीतसर झाली का, मूल्याच्या हिशेबाने 75 टक्के मतं पडली का, प्रामाणिक, समंजस भागधारकाला हा सौदा पटला असता का. कर्जाचा बोजा शेवटी कुणाच्या मानेवर बसेल, मासळीच्या काउंटरवरच्या बाईचं काय होईल, हा तिथला प्रश्नच नसतो. पुढे 337 पेट्रोलपंप विकले गेले. 2025 मध्ये 52 कॅफे बंद करायचं ठरलं.

आपल्याकडे निदान आयसीआयसीआयच्या सौद्याविरुद्ध क्वांटम म्युच्युअल फंड अपिलापर्यंत गेला. त्याचा मला अभिमान वाटतो. हरकत घ्यायला 10 टक्के शेअर हवेत, हा आपला नियम मात्र अन्यायाचा आहे. इथे एकच शेअर असलेला माणूसही कोर्टात उभा राहून बोलू शकतो. हे आपण घ्यायला हवं.

पण त्या दिवशी मला लागलं ते ‘तुमच्याकडे’. सोळा वर्षं झाली, तरी भांडताना माझ्या तोंडून ‘आपल्याकडे’च येतं. मग दादा मध्येच थांबवून विचारतो, ‘आपल्याकडे म्हणजे कुठे गं?’

परवाही विचारलं. मला पटकन सांगता आलं नाही.