नगररचनाकार व्हायला आर्किटेक्चरच लागतं? नाही

बारावीचे निकाल लागले की एक मेसेज हमखास फिरतो: 'टाउन प्लॅनिंग करायचं तर आधी आर्किटेक्चर करा, चित्रकला कच्ची असेल तर नादच सोडा.' यातलं पहिलं चूक, दुसरं तर साफ चूक.

बी. प्लॅनिंग ही चार वर्षांची स्वतंत्र पदवी आहे. बारावीला गणित हवं. जेईई मेनचा पेपर २बी याच पदवीसाठी असतो. चित्रकलेची परीक्षा २अ मध्ये, म्हणजे बी. आर्कला, २बी मध्ये ती नाहीच. दिल्ली, भोपाळ, विजयवाडा इथल्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये ही पदवी मिळते. पुढे एम. प्लॅन या पदव्युत्तर पदवीला सिव्हिलवाले येतात, आणि बऱ्याच ठिकाणी भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्रात एम.ए. केलेलेही.

नगररचनाकाराच्या हातात पेन्सिलपेक्षा सातबारा, गटनकाशा आणि जीआयएस (संगणकावरची नकाशाप्रणाली) जास्त असतं. जमीन वापराच्या नकाशात निवासी पिवळा, औद्योगिक जांभळा, हे रंग ठरलेले. तिथे कलाकुसरीला वाव नाही! खरी कसोटी पुढे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली शहराचा प्रारूप, म्हणजे कच्चा, विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींचा पाऊस पडतो. 'माझ्याच गटावर शाळेचं आरक्षण का?' याला शांतपणे, कागद दाखवून उत्तर देता आलं पाहिजे.

मेसेजमध्ये तथ्य एवढंच, की सरकारी भरतीत कोणती पदवी चालते हे पदागणिक बदलतं. एम.ए. करून या क्षेत्रात येणाऱ्यांनी एमपीएससीची जाहिरात आधी नीट वाचावी, क्लासवाल्यांच्या भरवशावर राहू नये.