‘लाडका भाऊ’चे दहा हजार घरबसल्या मिळत नाहीत

‘बारावी झालेल्या प्रत्येक बेरोजगार मुलाला दरमहा १० हजार, फक्त मुलांसाठी, फॉर्मचे ५०० रुपये’ असा ‘लाडका भाऊ’ योजनेचा मेसेज गावागावांतल्या ग्रुपवर फिरतो आहे. त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकीची आहे.

योजनेचं खरं नाव ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’. २०२४ च्या राज्य अर्थसंकल्पात ती जाहीर झाली. ‘लाडका भाऊ’ हे नाव नंतर लोकांच्या तोंडी बसलं आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. मुलीही तितक्याच पात्र आहेत. नावामुळे एखादी पोरगी अर्जच करत नसेल, तर ते मला फार लागतं.

हा बेरोजगार भत्ता नाही. कार्यालयात, कारखान्यात किंवा आस्थापनेत प्रत्यक्ष काम शिकायचं, हजेरी लावायची आणि त्याबद्दल विद्यावेतन घ्यायचं. दरमहा बारावीला ६ हजार, आयटीआय किंवा पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचा रहिवासी, शिक्षण चालू नसलेला. पैसे थेट आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात.

मुदत आधी सहा महिन्यांची होती, पुढे ती अकरा महिने झाली. मुदत संपल्यावर प्रमाणपत्र मिळतं, कायम नोकरीचा हक्क मिळत नाही. हे आधीच नीट सांगायला हवं होतं, कारण त्या आशेवर हातातलं काम सोडलेली पोरं आहेत.

आणि ते ५०० रुपये? राज्य सरकारच्या महास्वयंम या रोजगार पोर्टलवरची नोंदणी मोफत आहे. अर्जाची फी म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. अडलं तर जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जाऊन विचारा.